बरं झाल्यानंतरची गोष्ट

डहाणू लोकलला एक छोटा डबा असतो. दिव्यांग आणि कर्करोगग्रस्तांसाठी राखीव. आईचे उपचार चालू होते ते सव्वा वर्ष आम्ही त्या डब्यातून दादरला जायचो. डहाणू रोड ते चर्चगेट 124 किलोमीटर. 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली नसती तर परळ आम्हाला आणखी किती लांब पडलं असतं, हे मी अजूनही कधी कधी मोजत बसते.

उपचार संपून आता सात वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात वार्षिक तपासणीला निघालो तेव्हा मी सवयीने त्या डब्याकडे वळले. आई फलाटावरच थांबली.

"आपण यात अजून बसायचं का?"

"फाइल आहे ना आपल्याकडे."

"फाइल आहे गं. पण मी ग्रस्त आहे का?"

गाडी सुटायला दोन मिनिटं होती. आम्ही बायकांच्या डब्यात चढलो. बोईसरला एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या मुली उतरल्या तेव्हा तिला बसायला मिळालं. पुढे आम्ही त्यावर बोललो नाही, पण प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. ती ग्रस्त नाही, तर मग कोण आहे? आणि एवढी पुस्तकं वाचून, एवढे सिनेमे बघून मला अशा माणसाची एकही गोष्ट पटकन का आठवत नाही? कॅन्सर होण्याच्या गोष्टी आठवतात, कॅन्सरने जाण्याच्या तर ढीगभर. कॅन्सर होऊन गेल्यावर रोज सकाळी उठून कामाला जाणाऱ्या बाईची गोष्ट कुठे आहे?

म्हणून आपल्याकडच्या काही गोष्टी मी पुन्हा उघडल्या, काही बाहेरच्याही. हा लेख त्या फेरवाचनाचा आहे.

शब्दांची अडचण

सुरुवात शब्दांपासूनच करायला हवी. ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला. हा शब्द ग्रहणाच्या शेजारी राहतो. पंचांगात ग्रस्तोदित चंद्र असतो. ‘कर्करोगमुक्त’ हा दुसरा शब्दही तिथलाच. ग्रहण सुटतं त्याला मोक्ष म्हणतात, आणि पंचांगात त्याची वेळ तास-मिनिटांसकट दिलेली असते. म्हणजे दोन्ही शब्दांत एक गोष्ट गृहीत आहे: अमुक वाजता लागलं, तमुक वाजता सुटलं, आता आंघोळ करा आणि स्वयंपाकाला लागा.

आईचं तसं झालं नाही. ऑपरेशन, केमो, रेडिएशन संपलं, त्यानंतर पाच वर्षं रोज एक गोळी होती. काखेतल्या गाठी काढल्यामुळे डावा हात सुजतो. त्या हातावर बीपी मोजायचं नाही, सुई टोचायची नाही, पाण्याची कळशी उचलायची नाही. बोटांची टोकं अजून बधिर असतात. आणि दर तपासणीच्या आधीचा आठवडा घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. हे ग्रासलेपण नाही आणि सुटकाही नाही. त्याला मराठीत शब्द नाही.

तिसरा शब्द आहे तो ‘योद्धा’. वर्तमानपत्रांना तो फार आवडतो. माणूस बरा झाला की त्याने कर्करोगावर मात केली, आणि गेला की त्याची झुंज अपयशी ठरली. ज्या बाईशेजारी आई केमोच्या खुर्चीत बसायची, ती गेली. ती काय कमी लढली होती? तिचा आजार उशिरा सापडला, एवढाच फरक होता. सुझन सोंटॅगने 1978 मध्ये ‘इलनेस ॲज मेटाफर’ या पुस्तकात नेमकं हेच धरलं: आजारावर आपण जी युद्धाची आणि शापाची भाषा चढवतो, ती रोग्याच्या अंगावर दुसऱ्या रोगासारखी बसते. सोंटॅग स्वतः तेव्हा स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांतून नुकतीच गेलेली होती, पण पुस्तकात तिने स्वतःबद्दल चकार शब्द काढलेला नाही. पूर्वी मला तो संयम वाटायचा. आता वाटतं, रूपकं झटकून टाकल्यावर तिथे काय ठेवायचं, ही जागा तिने मोकळीच सोडली.

मराठीत ती जागा भरण्याचा एक प्रयत्न पुस्तकांच्या नावांतच दिसतो. डॉ. अरविंद बावडेकर यांच्या पुस्तकाचं नाव ‘कॅन्सर माझा सांगाती’. आणि 2004 च्या निवडणुकीच्या धामधुमीत ज्यांचा तोंडाचा कर्करोग सगळ्या महाराष्ट्राला कळला, त्या शरद पवारांच्या 2015 मधल्या राजकीय आत्मकथेचं नाव ‘लोक माझे सांगाती’. सांगाती हा वारीच्या वाटेवरचा शब्द. शत्रू आणि योद्धा या जोडीपेक्षा तो किती वेगळा आहे! तो चालणं गृहीत धरतो. पोचण्याची तारीख देत नाही. ही दोन नावं शेजारी ठेवली की माझा प्रश्न नीट मांडता येतो. आजार संपल्यावरही सोबत चालत राहणारं कोण असतं? आजार, की लोक? बहुतेक दोघंही. मग दोघांना एकाच गोष्टीत बसवायचं कसं?

होडी किनाऱ्याला लागल्यावर

कॅन्सरची गोष्ट म्हटलं की माझ्या पिढीलासुद्धा आधी ‘आनंद’ आठवतो. हृषीकेश मुखर्जींचा, 1971 चा. त्यात आनंद एकटा नाही, हे आपण विसरतो. तो मुंबईत येतो आणि बघता बघता त्याच्याभोवती माणसं जमतात: डॉक्टर मित्र, हॉस्पिटलची मेट्रन, रस्त्यावरचा अनोळखी माणूस. समूहाचा आधार म्हणून बघायला गेलं तर हा सिनेमा भरगच्च आहे. पण तो समूह आनंद स्वतः कमावतो, हसवून. मरणाऱ्या माणसाने सगळ्यांचं मन रमवायचं, आणि त्या बदल्यात लोक त्याच्याजवळ बसणार. आजारी माणसाला लावलेली ही आनंदी राहण्याची नोकरी मला हल्ली सहन होत नाही. आई केमोनंतरचे चार-पाच दिवस भिंतीकडे तोंड करून पडायची, कोणाशी बोलायची नाही. त्या दिवसांत जे लोक आले आणि न बोलता भांडी घासून गेले, ते ‘आनंद’मध्ये नाहीत.

‘श्वास’ (2004) मला त्याहून खूप मोठा वाटतो. संदीप सावंत दिग्दर्शित हा सिनेमा माधवी घारपुरे यांच्या कथेवर बेतलेला आहे. कोकणातल्या परशुरामला, परशाला, डोळ्यांचा कर्करोग असतो. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. आजोबा त्याला घेऊन शहरात आलेले. या सिनेमाची ताकद त्याच्या कागदपत्रांत आहे. संमतीपत्रावर सही कोणाची, मुलाला सांगायचं कोणी, कोणत्या शब्दांत, खेड्यातल्या म्हाताऱ्याला डॉक्टरचं वाक्य कळेपर्यंत त्या डॉक्टरने किती वेळ थांबायचं. हॉस्पिटलमधली सामाजिक कार्यकर्ती या सगळ्यात धावत असते. फाइल छातीशी धरून रांगेत उभं राहिलेल्या कोणालाही हा सिनेमा खोटा वाटणार नाही. ऑपरेशनच्या तोंडावर आजोबा नातवाला वॉर्डातून गुपचूप बाहेर नेतात, जग दाखवून आणायला, तेव्हा नियमापेक्षा मोठं काहीतरी घडतं आणि सिनेमा त्याला उगाच गौरवत नाही. हॉस्पिटलची उडालेली धांदलही तितक्याच प्रामाणिकपणे दाखवतो.

शेवटी परशा काळा चष्मा लावून होडीतून गावी परततो. थिएटरभर लोक रडत होते असं सगळे सांगतात. आम्ही घरी टीव्हीवर पाहिला, उपचार संपल्यावर वर्षाने. आई रडली नाही. सिनेमा संपल्यावर म्हणाली, "आता याला शाळेत कोण नेणार?"

मला वाटतं, या एका वाक्यात ‘श्वास’ची चांगली समीक्षा आहे. आई तळासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. मूल शाळेत कोण नेणार, हा तिच्यासाठी गहिवराचा प्रश्न नाही, रजिस्टरमधला रकाना आहे. सिनेमा होडी किनाऱ्याला लावतो आणि थांबतो. ब्रेल, शाळा, गावातल्या मुलांनी टक लावून बघणं, आजोबा गेल्यावरची वर्षं: हे सगळं अंधार झालेल्या पडद्याच्या मागे राहतं. कलाकृती कुठेतरी थांबणारच, हे मान्य. पण सगळ्याच गोष्टी एकाच धक्क्यावर थांबत असतील तर त्याला योगायोग म्हणता येत नाही.

फिट्झह्यू मुलन नावाचा अमेरिकन डॉक्टर होता, त्याला स्वतःला कॅन्सर झाला होता. 1985 मध्ये त्याने एका वैद्यकीय नियतकालिकात ‘सीझन्स ऑफ सर्व्हायव्हल’ हा छोटा लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं की बरा झाला किंवा नाही झाला, ही विभागणीच चुकीची आहे. कळल्यापासून जगण्याचे तीन ऋतू असतात: पहिला उपचारांच्या धावपळीचा, दुसरा, उपचार थांबतात पण भीती आणि अशक्तपणा थांबत नाही तो, आणि तिसरा कायमचा, ज्यात आजार मागे पडतो पण खुणा राहतात. बुडणाऱ्याला पाण्याबाहेर ओढण्याचं तंत्र आपण कमावलं, आणि धक्क्यावर आणून त्याला खोकत बसायला सोडून दिलं, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणतो. आपल्या गोष्टी पहिल्या ऋतूत अडकल्या आहेत. दुसरा ऋतू सगळ्यांत एकटा असतो, कारण तोपर्यंत डबे यायचे बंद झालेले असतात.

डहाणूत जन्मलेली लेखिका

शांता गोखले यांचा जन्म डहाणूचा, 1939 चा. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर उगाच माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्या वाढल्या मुंबईत, शिवाजी पार्कला. 2019 मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं, इंग्रजीत: ‘वन फुट ऑन द ग्राउंड: अ लाइफ टोल्ड थ्रू द बॉडी’. शरीराच्या वाटेने सांगितलेलं आयुष्य. घराणं, शिक्षण, पुरस्कार असा नेहमीचा क्रम न धरता टॉन्सिल, दात, पाळी, बाळंतपण, मोडलेली हाडं, म्हातारपण या वाटेने त्या स्वतःपर्यंत येतात. कॅन्सर या वाटेवरचा एक मुक्काम आहे. कळस तर नाहीच.

मी ज्या गोष्टीच्या शोधात होते, तिच्या सर्वांत जवळ जाणारं हे पुस्तक आहे, आणि त्याचं कारण धैर्य किंवा विनोद नाही. विनोद भरपूर आहे, पण कारण आहे ते रचनेचं. कॅन्सरला दातांच्या रांगेत बसवलं की त्याचा दरारा कमी होतो. शरीर आधीपासून दुखत होतं, नंतरही दुखणार आहे, आणि मधल्या वेळात लेखन, भाषांतरं, नाटकं, मुलं हे सगळं चालूच असतं. पूर्ण जगणं म्हणजे आजारानंतर डोंगर चढून फोटो टाकणं, असं जे आपल्या फोनमधली रीळं दिवसभर सांगत असतात, त्याला हे पुस्तक न भांडता उत्तर देतं.

पण मला त्यात एक उणीवही जाणवते. रचना शरीराची आहे, म्हणजे एकाच माणसाची. आमच्याकडे आजार एका शरीरात मावत नाही. आई परळला असताना तिची अंगणवाडी मदतनीस ताईंनी एकटीने चालवली. सुपरवायझर बाईंनी रजेचे कागद तीनदा बदलून दिले. शेजारच्या पाड्यावरच्या सेविकेने आमची गरोदर मातांची नोंद पुरी केली. रात्री उशीर झाला की आम्ही दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहायचो, जिथे बिहारपासून बेळगावपर्यंतची माणसं एकमेकांचे रिपोर्ट वाचून दाखवत. शिवाजी पार्कपासून परळ हाकेच्या अंतरावर आहे. 124 किलोमीटरवरून यायचं असेल तर आजार आपोआप अनेकांचा होतो, कारण एकट्याला तो परवडत नाही. ‘समूहाचा आधार’ हा शब्दप्रयोग ऐकायला ऊबदार आहे, पण त्यात अंतर आणि गरिबी यांचं गणित दडलेलं असतं, हे विसरू नये.

गंमत म्हणजे अनेकांची ही रचना गोखल्यांनी स्वतःच आधी मराठीत करून ठेवली होती. त्यांची ‘रीटा वेलिणकर’ ही कादंबरी 1990 ची. मन कोलमडून हॉस्पिटलात पोचलेली रीटा आणि तिची मैत्रीण सरस्वती. आजार वेगळा आहे, पण सावरणं कसं लिहायचं याचा तिथे वस्तुपाठ आहे. रीटा सावरते ती दुसऱ्या बाईच्या सोबतीत, तिच्या नजरेत स्वतःला पुन्हा बघत. कॅन्सरचं मराठी लेखन करू पाहणाऱ्या कोणीही आजारपणाच्या आठवणी वाचण्याआधी ही कादंबरी वाचावी असं मला वाटतं.

इथे ऑड्री लॉर्डची आठवण होते. अमेरिकेतली कृष्णवर्णीय कवयित्री. 1980 च्या ‘द कॅन्सर जर्नल्स’मध्ये ती सांगते की स्तन काढल्यावर कृत्रिम स्तन बसवायला तिने नकार दिला. तिचा मुद्दा देखण्या-कुरूपाचा नव्हता. सगळ्याच बायकांनी ती खूण झाकली तर त्या एकमेकींना ओळखणार कशा, आणि ओळखल्याच नाहीत तर एकत्र येणार कशा? फार मोठा विचार आहे हा. तरी आईने वेगळं केलं. तळासरीच्या शिलाई करणाऱ्या एका ताईने तिच्या ब्लाउजना आतून खिसा शिवून दिला, त्यात ती कापूस भरते. अंगणवाडीतली मुलं येऊन छातीला बिलगतात, त्यांना टोचायला नको, एवढंच तिचं म्हणणं. आणि बचत गटाच्या बैठकीत, फक्त बायका असल्या की, तोच कापूस ती कधी कधी सगळ्यांसमोर काढून बाजूला ठेवते. झाकायचं कोणासमोर आणि दाखवायचं कोणासमोर, हे तिचं तिने ठरवलं. लॉर्डशी ती भांडत नाही. लॉर्डचा प्रश्न ती पाड्याच्या मापाने सोडवते.

‘मी’कडून ‘आम्ही’कडे

अनेकांची गोष्ट लिहायची कशी, याचं उत्तर खरं तर आमच्याच मातीत आहे. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (1970) हे आजाराचं पुस्तक नाही. वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्धच्या उठावाचं आहे. 23 मे 1945 ला तळासरीजवळच्या झरी गावात आदिवासींची परिषद भरली, तिथून वेठ नाकारली जायला लागली. पुस्तक प्रथमपुरुषी आहे, लेखिका जवळजवळ प्रत्येक प्रसंगात हजर आहे, तरी वाचताना लक्षात राहते ती भीती एकेका पाड्यातून ओसरत गेल्याची हकिगत. एकाने नकार दिला, दुसऱ्याने तो पाहिला, तिसऱ्याने पुढच्या गावात सांगितला. धैर्य हा एका माणसाचा गुण म्हणून तिथे येतच नाही, ते संसर्गासारखं पसरतं. आजाराच्या गोष्टीला हाच आकार हवा आहे, असं मला वाटत राहतं.

दुसरं उदाहरण डोळ्यांसमोरचं आहे, इतकं की आपण ते बघेनासे झालो आहोत. तारपा नाचाचं वारली चित्र. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे (त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले) यांनी हे चित्र जगभर नेलं. आता ते चहाच्या कपांवर आणि दवाखान्यांच्या भिंतींवर असतं. मध्ये तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती हातात हात गुंफून वळत गेलेली माणसांची माळ. प्रत्येक शरीर दोन त्रिकोणांचं. चेहरे नाहीत. कोण दुखणाईत, कोण धडधाकट, सांगता येत नाही. एक हात सुटला तर मात्र लगेच दिसेल. नायक नसलेली, तरी प्रत्येक माणूस आवश्यक असलेली ही रचना आहे.

पण इथे मला स्वतःलाच थांबवावं लागेल. आदिवासी समाज म्हणजे हातात हात घेतलेली माणसं, असं म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे, आणि शहरातल्या वाचकाला ते आवडतंही. खरं असं आहे की त्याच पाड्यावर काही घरांनी आईच्या हातचं पाणी वर्षभर घेतलं नाही. हा रोग लागतो, असं कोणीतरी सांगितलं होतं. एका आईने मुलाला अंगणवाडीत पाठवणं बंद केलं. एका म्हाताऱ्याने भगताकडे नेण्याचा आग्रह धरला, आणि तो आग्रह मायेपोटीच होता. आमच्या स्वतःच्या नात्यात, शिकलेल्या नोकरदार घरात, लग्नाच्या पंगतीत आईचं ताट हळूच वेगळं मांडलं गेलं. हात सुटतात. चित्रात ते दिसत नाही, कारण चित्र नाच चालू असतानाचं आहे.

ज्या बाईने मूल पाठवणं बंद केलं होतं, तिला आईने काही समजावलं नाही. ती रोज सकाळी तिच्या अंगणात जाऊन बसायची, मुलाला तिथेच गाणी शिकवायची. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने अंगणात जायचं, ही कल्पना इथलीच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. अंगणवाडी हा शब्द त्या कामातून आला. दोन महिन्यांनी त्या घरातून आईला चहा आला. काळा, गूळ घातलेला. ती सांगते की परळच्या डॉक्टरांनी "रिपोर्ट चांगला आहे" म्हटलं तेव्हा तिला बरं वाटलं, पण आपण बरे झालो आहोत हे तो चहा पिताना कळलं.

गोष्टीने काय फरक पडतो

कोणी म्हणेल, गोष्टी कशाही असोत, माणूस औषधाने वाचतो. बरोबर आहे. पण औषधापर्यंत माणूस कशाने पोचतो?

ग्रामीण भागात कर्करोगाची नोंद ठेवण्याचं काम देशात पहिल्यांदा आपल्याकडे, बार्शीला, 1987 मध्ये सुरू झालं. पुढे तिथल्याच डॉक्टरांच्या सहभागाने उस्मानाबाद जिल्ह्यात (आता धाराशिव) एक लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2009 मध्ये आले: एचपीव्हीची चाचणी आयुष्यात एकदा झाली तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी आणखी सोपी पद्धत तपासली. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं, त्यांनी व्हिनेगर लावून साध्या डोळ्यांनी तपासणी केली. या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.

म्हणजे तंत्र आहे, आणि ते पाड्यावरच्या सेविकेला जमेल इतकं सोपं आहे. मग अडतं कुठे? बाई तपासणीला येत नाही. का येत नाही, हे विचारलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: कळून काय करायचं, त्यातून कोण वाचतं? हे अज्ञान नाही. तिने ऐकलेल्या सगळ्या गोष्टी तशाच संपलेल्या आहेत. वाचलेल्या बायका गप्प बसतात, कारण सांगितलं तर पाणी घेणं बंद होतं. आणि त्या गप्प बसल्यामुळे कोणी वाचतच नाही असं सगळ्यांना वाटतं. आपल्या सिनेमा-पुस्तकांनी हीच समजूत पक्की केली. म्हणून बरं झाल्यानंतरची गोष्ट नसणं ही फक्त वाङ्मयातली उणीव नाही.

आई आता तपासणी शिबिरात बोलते. मी दोन वेळा मागे बसून ऐकलं, समीक्षकाच्या कानाने. ती गाठ सापडल्यापासून सुरुवात करत नाही. केस गेले तेही सांगत नाही. सुरुवात अशी असते: "मी पहिल्यांदा मुंबईला गेले तेव्हा माझ्या शेळ्या हिने बघितल्या," आणि ती समोर बसलेल्या एका बाईकडे बोट दाखवते. मग दुसरीकडे: हिने माझ्या रजिस्टरात वजनं लिहिली. मग तिसरीकडे: ही माझ्याकडे पाणी पीत नव्हती. ती तिसरी बाई लाजून हसते, बाकीच्याही हसतात. अशा रीतीने निम्मी बैठक गोष्टीत आलेली असते. मग ती हात दाखवते, सुजलेला, आणि सांगते की हा आता असाच राहणार. मी पूर्वीसारखी झाले, असं ती कधीच म्हणत नाही. शेवटी म्हणते, "मला लवकर कळलं. चला, कोण येतंय आधी?" आणि थांबते.

नायिका नाही, युद्ध नाही, मोक्षाची वेळ नाही. जे लागतं तेवढंच आहे: कोणी काय धरलं, कोणी काय सोडलं, आणि काय अजून दुखतं. मी वाचलेल्या-पाहिलेल्या गोष्टींमध्ये मला हवी ती गोष्ट सर्वांत जवळून इथे भेटली, आणि ती कागदावर नाही. तिची रचना मी चोरून ठेवली आहे. लिहिणारे कोणी असतील तर त्यांनीही चोरावी.

या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. घरात पुन्हा सगळे हळू बोलायला लागले आहेत. डब्याचं काय करायचं, हे मी काल विचारलं. आई म्हणाली, "हात ठणकत असेल तर त्यात बसू, नसेल तर बायकांच्या डब्यात. त्या दिवशी बघू."